बाबांचा केमिस्ट्रीचा निकाल

प्रिय बाबा,

आज दुपारी आपला निकाल लागला, म्हणून लिहायला बसलेय. खरं तर ही बातमी गाडीवर तुमच्या मागे बसून कानात ओरडून सांगायची होती. ते आता जमायचं नाही, तेव्हा पत्र.

तर ऐका. पहिल्या सेमिस्टरच्या केमिस्ट्रीत तुम्ही पास झालात! आणि मी नापास.

हसताय ना? हसा. फक्त फार हवेत जाऊ नका, काठावरच पास झालाय तुम्ही.

आठवतं, माझी ॲडमिशन घ्यायला गोंदियाला आलात आणि खिडकीवर दोन फॉर्म मागितलेत? बाबूने विचारलं, "दुसऱ्या मुलाचं नाव?" तुम्ही शांतपणे स्वतःचं नाव सांगितलंत. मी खांबाआड जाऊन उभी राहिले. गोंदियाजवळच्या गोरेगावातला मोटार रिवाइंडिंगवाला, डोक्याला टक्कल, पोरगी लग्नाच्या वयाची, आणि बी.एस्सी. फर्स्ट इयर! तरुणपणी केमिस्ट्रीत नापास झालात आणि कॉलेज सोडून दुकानात बसलात, ते तुमच्या मनातून काही गेलं नव्हतं. आई तर कपाळाला हात लावून बसली. "आता या वयात पोरीच्या कॉलेजात कायले चालले जी तुम्ही?"

"कॉलेजात नाई, केमिस्ट्रीत चाललो," तुम्ही म्हणालात. जणू केमिस्ट्री म्हणजे बाजूचं गाव!

पहिल्या प्रॅक्टिकलला तुम्ही लॅबमध्ये शिरलात आणि अख्खी बॅच उठून उभी राहिली. सगळ्यांना वाटलं, नवे सर आले. तुम्हीही काय कमी? हाताने "बसा, बसा" केलंत, दोघांना "ॲप्रन कुठाय बे?" म्हणून दरडावलंत, आणि मग येऊन माझ्या शेजारच्या स्टुलावर बसलात! मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. आडनाव एक, नंबर पाठोपाठ, म्हणून लॅब पार्टनरही तुम्हीच. तो पूर्ण आठवडा मी कुणाला सांगितलं नाही की हे माझे बाबा आहेत. तुम्हीच सांगत सुटलात.

टायट्रेशनमध्ये मात्र तुम्ही मला छळलंत. फिका गुलाबी रंग दिसला की ब्युरेट बंद करायची, एवढंच काम. पण तुमच्या चष्म्याला फिका गुलाबी दिसायचाच नाही. "झाला का गुलाबी?" "झाला बाबा, केव्हाच झाला!" तोवर फ्लास्कमध्ये बिटाचा रस. मॅडम हसू दाबत म्हणायच्या, "काका, पुन्हा करा." आणि काका खुशाल पुन्हा करायचे. तिकडे दुकानासमोर शेतकरी पंपाच्या जळालेल्या मोटारी घेऊन वाट बघत असायचे, त्याचं तुम्हाला काही नाही.

सगळ्यात मजा सकाळी गाडीवर यायची. थंडीत दोघांचे दात वाजतायत, दोन्हीकडे धान कापलेल्या शेतांच्या बांध्या, आणि हेल्मेटमधून तुमची इलेक्ट्रॉनची रचना चालू! एकदा तर तुम्ही गाडी रस्त्याच्या कडेला थांबवलीत.

"तिसऱ्या माळ्यावर जागा हाये, तरी हा इलेक्ट्रॉन आधी चौथ्यावर कायले जाऊन रायला?"

"मले का मालूम? पुस्तकात तसंच हाये!"

"पुस्तकात हाये म्हणून मानून घेतलं, म्हणूनच तर मागच्या टायमाले पडलो मी."

त्या दिवशी पहिलं लेक्चर बुडालं. पण तुम्ही मॅडमना गाठून समजून घेतलंतच. मी तेव्हा कॅन्टीनमध्ये समोसा खात होते. पेपरात नेमकी क्रोमियमची तीच इलेक्ट्रॉनची रचना आली, बाबा. समोसेवालीला ते कुठून जमणार?

आणि चाचणीच्या वेळचं विसरलेले नाही हं मी. मागून हळूच म्हटलं, "बाबा, दुसऱ्याचं उत्तर?" तर तुम्ही उत्तरपत्रिकेवर कोपर टाकून झाकलीत! सख्ख्या लेकीपासून! संध्याकाळी आईकडे तक्रार केली, तर तिने तुमचीच बाजू घेतली.

आता रागवायची गोष्ट. छातीत दुखत होतं, हे मला का सांगितलं नाहीत? आईला म्हणालात, "होऊ दे पेपर, मंग पाहू. पोरीले सांगू नको." पेपर झाले आणि पाहायला वेळच उरला नाही. एवढं काय होतं त्या केमिस्ट्रीत? मी खूप रागावले होते तुमच्यावर. अजूनही आहे. रोज सकाळी गाडीकडे बघते आणि बसने जाते.

आज मोबाइलवर आधी माझा नंबर टाकला. तो निकाल मला ठाऊकच होता. तुमचा टाकायच्या आधी मात्र मोबाइल दोनदा ओढणीला पुसला. आई मागून म्हणाली, "पाह्य ना वो पटकन." स्क्रीनवर तुमचं नाव आलं आणि समोर पास. आई चप्पल घालून बाहेर गेली ती पेढे घेऊनच आली.

शेजारच्या काकूंनी विचारलं, "पोरगी पास झाली का वो?"

"नाई. तिचा बॅक लागला. हे पास झाले."

काकूंना कळेना, पेढा घ्यावा की डोळ्याला पदर लावावा. आईने त्यांच्या तोंडात पेढा कोंबला, म्हणाली, "खा ना वो, खुशीचा हाये." मग दोघी दारात बसून हसल्या आणि रडल्या. मीही. तुम्ही गेल्यापासून आपल्या घरात एवढं मोठ्याने कुणी हसलं नव्हतं.

संध्याकाळी मामांचा फोन आला. म्हणे, सायन्स झेपत नसेल तर आर्ट्स घे, आता तुझ्यामागे कोण आहे? खोटं कशाला बोलू, गेला महिनाभर मीही तेच ठरवत होते. तुमच्याशिवाय त्या लॅबमध्ये पाय ठेवायला नको वाटतं. पण आज मी मामांना नाही म्हटलं.

उन्हाळ्यात केमिस्ट्रीचा पेपर पुन्हा देणार आहे. तुमचं नाव पुढे करून कुणाकडून दया घेणार नाही, हा माझा शब्द. पडले तर परत बसेन, परत पडले तर परत. मला घाई नाही, बाबा. माझ्याकडे भरपूर वर्षं आहेत. तुमच्याकडे चारच महिने होते, आणि ते तुम्ही माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून काढलेत.

तुमची लेक आणि लॅब पार्टनर,
नीता