पेवावरची जखीण

लिंबवाडी, पो. येडशी,
जि. उस्मानाबाद.
ता. ११ मार्च १९८३

चि. बब्रुवान यास,
अक्काचे आशीर्वाद. इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत. पत्राचं कारण शेवटी सांगते. आधी सांगितलं तर तू घडी घालून खिशात ठेवशील आणि बायकोला म्हणशील, काही नाही, अक्काचं नेहमीचंच. म्हणून मुकाट्यानं वाच.

गुडघे सोडले तर आईची तब्येत माझ्यापेक्षा बरी आहे. म्हैस व्याली, रेडी झाली. गावात दूध संस्था निघाल्याचं मागं कळवलंच होतं. सकाळचं माप घ्यायला मी असते. टेम्पो यायचा सातला, येतो साडेआठला. तोवर बाया कॅन राखत बसायच्या आणि सुनांची उणीदुणी काढायच्या. रोज तेच ऐकून मला वीट आला. एक दिवस सहा कवड्या काढल्या, भुईवर वाट आखली आणि तुझा वाटेचा खेळ मांडला.

हसू नकोस. बहात्तर साली दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर, दुपारची सुकडी खाऊन झाली की तू मांडायचास, तोच. तुझे नियम मला अजून तोंडपाठ आहेत. कुणी स्वतः व्हायचं नाही, दुसऱ्याचं सोंग घ्यायचं. वाटेत जे आडवं येईल ते खरं घडलेलं तरी असावं, नाहीतर लोक सांगत आलेले तरी. मनानं रचलेलं चालायचं नाही. कुणी विचारलं तर कुणाच्या तोंडून ऐकलं ते सांगायचं. आणि दान पडेल ते पडेल, रुसायचं नाही.

काय सांगू तुला, बाया येड्या झाल्यात! केशरबाई तहसीलदार झालीय आणि घरीसुद्धा नवऱ्याला "अर्ज करा" म्हणते. शिवम्मा चोर झालीय, आणि काय चोर आहे म्हणतोस! तिची मावशी सोनारीची. तिथली माकडं हातातला प्रसाद कशी पळवतात ते तिनं सांगितलं, म्हणून मी भैरवनाथाची माकडं वाटेत बसवली. रामलिंगाच्या दरीत जटायू तहानेला पडलाय, त्याला पाणी नेऊन पाजायचं, पण घागर हिंदकळली की मागं फिरायचं. आपली बार्शी लाइनची छोटी गाडीही घातलीय. ज्याचं दान वाईट पडेल त्यानं तिच्यासंगं पायी पळायचं, आणि पळणारा पुढं जातो! हे तर खरंच आहे, त्याला कुणाचं तोंड कशाला लागतं. परवा टेम्पो आला तरी कुणी उठेना. ड्रायव्हर आधी ओरडला, मग म्हणाला, मला पण एक सोंग द्या. त्याला यमाचा रेडा केला.

आता ते लिहिते, जे अकरा वर्षांत तूही लिहिलं नाहीस आणि मीही नाही.

त्या दुपारी खेळात तू एक ओस गाव आणलंस. गावात जमिनीत खणलेलं धान्याचं पेव, पेवाच्या दगडावर जखीण बसलेली. कुणी पसाभर मागितलं की ती गळ्यातल्या कवड्यांच्या माळेला हात लावून आन घ्यायची, घरात दाणा नाही म्हणून. आधी सगळ्या हसल्या. मग शेजारची कडूबाई हसायची थांबली. चारच दिवसांपूर्वी आईनं तिला पायलीभर जवारी नाकारली होती, माळेला हात लावून. कडूबाईनं नियमानं विचारलं, "कुणाच्या तोंडून ऐकलंस रं?" तू म्हणालास, "मी डोळ्यानं बघितलं." ती तशीच उठली, थेट आईच्या घरात शिरली आणि पेवाचा दगड सरकवला. आत जवारीची तीन मडकी. आईनं सगळ्या कामगारांच्या देखत तुला सांगितलं, पुन्हा तोंड दाखवू नकोस. आणि तू शहाणा, तिसऱ्या दिवशी येडशीला गाडीत बसलास.

बब्या, तू डोळ्यानं बघितलं नव्हतंस. तुला मी सांगितलं होतं. मीच मडकी बघितली आणि मीच तुझ्या कानात घातलं. कडूबाईनं विचारलं तेव्हा मी तुझ्या शेजारीच बसले होते, आणि मान खाली घालून खडी चिवडत राहिले. नियम तुझा होता, तूच माझ्यासाठी मोडलास. आई इतकी वर्षं समजत राहिली की पोरानं आपल्यावर पाळत ठेवली. एका शब्दानं ते मिटलं असतं. तो शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. आधी आईची भीती होती, नंतर लाज वाटली, आणि मग सवयच झाली.

मागच्या सोमवारी आई काठी टेकत संस्थेवर आली. कडूबाई बसलेलीच होती. भिंतीला भिंत लागून असूनही दोघींचं बोलणं नाही, तुला ठाऊकच आहे. आई जरा वेळ खेळ बघत राहिली, मग म्हणाली, "जखीण कुणी केलीया?"

मी म्हटलं, कुणीच नाही.

"मग मी होते."

नियम माझ्या तोंडापर्यंत आला, बाबा. स्वतःचं सोंग घ्यायचं नाही! पण ते तिला सांगायचं म्हणजे काय म्हणायचं, तूच सांग. तर तीच म्हणाली, "त्याचा रूल मला ठाव हाय. पर त्या बाईला लई वर्सं झाली. ती आता मी न्हाय." आणि उलट्या घातलेल्या कॅनवर पदर सावरून बसली की!

जखिणीला उठवायचं कसं, ते तू सांगायच्या आधीच गेलास. चोरानं दान टाकलं, हुकलं. तहसीलदारबाईंनी हुकूम काढला, तर जखिणीनं त्यांच्या सात पिढ्या काढल्या. लई रंगली होती आई. मग कडूबाईची पाळी आली. तिनं कवड्या मुठीत धरल्या, टाकल्याच नाहीत. आईकडं बघून म्हणाली, "बाई, तू जेवलीस का?"

आई हळूच म्हणाली, "दोन दिस न्हाय. ते बियाणं हाय गं. ते खाल्लं असतं तर पेरलं काय असतं? इतक्या जणी मागून गेल्या, हे कुणी इचारलं न्हाय." आणि उठायला लागली. गुडघे धरले, तर कडूबाईनंच हात दिला.

आठव जरा. आपल्याला ती रेशनच्या मिलो जवारीची तांबडी भाकरी वाढायची आणि स्वतः म्हणायची, मी मगाशीच खाल्लं. आपण खरं मानायचो. मडकी मी बघितली, त्यातली जवारी राखेत घोळलेली होती तेही बघितलं. राखेत बियाणं घोळतात हे शेतकऱ्याच्या लेकीला कळू नये? आपण जखीण बघितली, तिचं पोट बघितलं नाही.

त्याच दुपारी मी आईला सगळं सांगून टाकलं. तिनं फुंकणी फेकून मारली, नेम हुकला. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, एक रूल वाढव, ज्याची गोष्ट त्याला आधी इचारायचं. वाढवला. मग ताटातली भाकरी चिवडत म्हणाली, "त्याला कळवलंस का?"

म्हटलं, काय कळवू? ये म्हणून लिहू? तर ताट उचलून आत गेली. ती ये म्हणणार नाही, तू ओळखतोस तिला. तुझी पोर सहा वर्षांची झाली, आजीनं तिचं तोंड बघितलेलं नाही, तरी म्हणणार नाही. मी पेन घेऊन बसले तेव्हा दारातून जाता जाता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "एवढंच लिही. जेवला का, म्हणावं."

लिहिलं. याचं उत्तर टपालानं पाठवायचं नाही.

तुझ्याआड इतकी वर्षं लपलेली,
तुझी अक्का चांगुणा