चंपतची बॅटरी

५ डिसेंबर
भीमपूरला पोचलो. जागा झकास आहे. कपाशीच्या कडेला पत्र्याची खोली, समोर सिमेंटचा ओटा आणि त्यावर हर्षदीप सरांची दुर्बीण. सर आदिलाबादला शिकवतात. तेरा तारखेला ते शाळेची मुले तारे पाहायला आणणार आहेत. तोवर दुर्बीण न थांबता चालेल अशी बॅटरी निवडायची, हे माझे काम. जमले तर कायम ठेवतो म्हणाले. शेजारच्या शेतातल्या बयनाबाईंनी ज्वारीची भाकर दिली. चांदण्या पाहून पोट भरते काय रे बाबू, असे विचारून त्या स्वतःच हसल्या.

७ डिसेंबर
लिथियमची बॅटरी हलकी आहे, पण दुर्बीण वळवताना मोटर जोर लावते तेव्हा ती आपोआप बंद पडते. मोटारसायकलची पुरत नाही. भिंगावर दव धरू नये म्हणून गुंडाळलेली गरम पट्टीच सगळी वीज खाते.

बयनाबाईंच्या कोठ्यात झटका मशीनची मोठी बॅटरी दिसली. रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत झटका सोडतात, ती. मागितली. त्या म्हणाल्या, ने, पण मेलेली हाय ते. तिच्यात जीव नव्हता म्हणून तर आमच्या ह्यायनं खांबावरची लाईन तारेत सोडली, अन् पहाटे सोताच चिकटले. त्यांच्या नवऱ्याचे नाव चंपत होते.

८ डिसेंबर
मेलेली नाही. मीटर लावला, पूर्ण भरलेली. संध्याकाळभर मोटर, पट्टी, लॅपटॉप, सगळे चालवले. आकडा हलला नाही. सर फोनवर फार खूश झाले. क्लिपा लावताना बोटांना मुंग्या आल्या. थंडी असेल.

१० डिसेंबर
चार्जिंगला लावलीच नाही, तरी आकडा तोच. उजवा हात मनगटापर्यंत बधिर आहे. तव्याला हात लागला, कातडी गेली, कळले नाही. वाईट वाटायला हवे. वाटत नाही.

११ डिसेंबर
दुर्बीण शनी सोडून खाली वळते. मी नीट लावतो, ती पुन्हा वळते. बयनाबाईंच्या कुंपणाकडे. आत पाहिले. भिंगात सगळे उलटे दिसते, म्हणून आधी ओळखता आले नाही. माणूस होता. तार धरलेला. डोळा भिंगापासून बाजूला घेऊन पाहिले तर नुसती तार.

१२ डिसेंबर
क्लिप काढायला गेलो, हात सुटेना. बयनाबाईंनी लाकडी दांडा मारून सोडवला. ह्यायलेबी असंच सोडवलं, म्हणाल्या, पण उशीर झालता. आता पायही — सरांना फोन करायचा होता. फोनला माझे बोट कळत नाही. बॅटरीचा आकडा उतरत नाही, मी उतरतो आहे.

१३ डिसेंबर
डाव्या हाताने लिहितो. बयनाबाई मला उचलायला माणसे आणायला गेल्या, अजून नाहीत. दुर्बीण आपली चालू आहे. भीती नाही, काहीच —

जीप आली. मुले. सर ओट्याकडे — हाक निघत नाही. कोणती निवडली रे, असे विचारताहेत, हसत, खाली वाकून —

मोठ्या अक्षरांत लिहून दाखवतो. सर, तिला हात