वैऱ्याची स्तुती

९ सप्टेंबर, मंगळवार

बेल्शिओरनं काल लुझला ढकललं. मनगट सुजलंय तिचं.

सकाळीच त्याच्या पोरीचा, नेलियाचा, फोन. लुझ म्हणजे म्हाताऱ्यांना सांभाळतात त्या घरात तिच्या बापाला आंघोळ घालणारी, भरवणारी फिलिपिनो बाई. घर लहान — सहा म्हातारे, दोन बाया. मालकीण म्हणते, असंच चाललं तर याला हलवा. हलवा म्हणजे फ्रेस्नोच्या पलीकडे, कुलूपबंद वॉर्डात. तिथे पोर्तुगीज बोलणारं कुत्रंसुद्धा नाही.

"ढकललं म्हणजे झालं काय नक्की?"

"ते गात होते, काका. ती शर्ट बदलायला गेली."

मग बरोबर आहे. गाणाऱ्याला मधेच कोण हात लावतं? पण हे नेलियाला सांगून काय उपयोग. बापाचं गाणं तिनं कायम जत्रेच्या मांडवामागे भांडी घासत ऐकलं.

११ सप्टेंबर

गोड पाव घेऊन गेलो. बेल्शिओर खिडकीपाशी बसला होता. दोन महिन्यांपूर्वी होता त्याहून वाळलाय. नेलियाला तो हल्ली बहीण समजतो. पण मला पाहिलं आणि डोळे चमकले. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट सुरू —

लिबेरिओच्या गोठ्याची मी गोष्ट सांगतो खास,
हा गायला लागला की दूध नासतं हमखास!

लिबेरिओ टोस्टे म्हणजे मी. जुनंच आहे. पण ठेका तसूभरही हलला नव्हता. मीही सोडतो काय? त्याच्या नाकावरून, टकलावरून दोन ओळी ठेवून दिल्या. हसून हसून ठसका लागला त्याला. चाळीस वर्षं पवित्र आत्म्याच्या जत्रेत आम्ही हेच केलं. मागे गिटारवाले, समोर सगळा गाव, आणि आम्ही दोघं एकमेकांची सालटी काढतोय. एकानं टाकायचं, दुसऱ्यानं त्याच चालीत परतवायचं. जो गप्प बसला तो हरला.

निघताना लुझ दारात आली. मनगटाला पट्टी. म्हणाली, "तुम्ही जाता निघून. मग हे तासन्‌तास ओरडतात, उत्तर द्या, उत्तर द्या म्हणून. मी काय देऊ?"

मी हसण्यावारी नेलं.

१५ सप्टेंबर

नेलिया आली होती. चाऱ्याच्या दुकानातून तशीच, केसांत भुसा. कोर्टात अर्ज करतेय — बापाला डोकं शांत करायची गोळी द्यायची परवानगी.

"तू त्याची पालक आहेस ना? कोर्टानंच नेमलंय तुला."

"बाकी सगळ्याला चालतं, काका. या गोळीला वेगळी परवानगी लागते. आठवण गेलेल्या माणसाला नीट 'नको' म्हणता येत नाही, म्हणून कोर्ट मधे पडतं. त्यांना वकील देतात, एक तपासनीस बाई सगळ्यांना भेटून जाते, मग जज्ज ठरवते."

मग कपाकडे बघत म्हणाली, तोवर तुम्ही बाबांकडे जाऊ नका.

"का? मी काय भूत आहे?"

"भूत नाही हो. काडी आहात. ओढून जाता, आणि आम्ही विझवत बसतो."

राग आला. पण पोरीच्या डोळ्यांखाली काळं आलंय. एकटी आहे. नवरा गेला, भाऊ ओरेगनला, त्याचा नाताळला फोन. बरं, नाही जात म्हटलं.

२४ सप्टेंबर

कोर्टाची तपासनीस बाई आली. मिस ट्रान. लहानखुरी, नम्र, दारातच बूट काढले. मी सॉसेज तळले, वाइन काढली. वाइन घेतली नाही तिनं, सॉसेज मात्र दोन खाल्ले.

बेल्शिओरला भेटून आली होती. दुभाष्या ब्राझीलचा — त्याला आमच्या पोर्तुगीज बेटावरची बोली निम्मीच कळली म्हणे. म्हणून जुना स्नेही शोधत माझ्याकडे.

"कसा माणूस आहे तो?"

काय सांगू! माझी छातीच फुगली. म्हटलं, बाई, असा माणूस या खोऱ्यात दुसरा नाही. त्याच्या जिभेला धार आहे वस्तऱ्याची. तीन जणांना त्यानं मांडवातून पळवून लावलं, एक तर रडत गेला. समोर कोण आहे, बाई की म्हातारा की पाद्री, बघत नाही. एकदा पेटला की देवाच्या बापाला ऐकत नाही. फाडून काढेल तुम्हाला!

"आणि त्याला आवरायचं कसं?"

"त्याला? चाळीस वर्षांत कोणाला जमलं नाही."

ती भराभर लिहून घेत होती. जाताना मनापासून आभार मानले.

२५ सप्टेंबर

काल छान बोललो. बेल्शिओर ऐकायला हवा होता.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

कोर्टातून आलो. जेवलो नाही.

जज्जबाईंनी अहवाल वाचून दाखवला. डॉक्टरचं म्हणणं, मालकिणीचं, लुझच्या मनगटाचं. आणि मग — "अनेक वर्षांचे स्नेही श्री. टोस्टे सांगतात की, ही व्यक्ती पूर्वीपासूनच आक्रमक असून समोर बाई आहे की वृद्ध हे पाहत नाही, आणि तिला आवरणं आजवर कोणालाही शक्य झालेलं नाही."

बेल्शिओरला दिलेला वकील आतापर्यंत भांडत होता — आधी औषधाशिवाय काही करून बघा, आवाज कमी करा, त्याची भाषा येणारं माणूस आणा. हे ऐकल्यावर तोही खाली बसला. जज्जबाईंनी विचारलं, कोणाची हरकत? मी उठायला हवं होतं. बसून राहिलो. इतक्या लोकांसमोर, इंग्रजीत, काय सांगणार होतो?

परवानगी मिळाली. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी.

बाहेर नेलियानं माझा हात धरला. "थँक्यू काका. तुम्ही खरं बोललात." तिला वाटतं मी तिच्यासाठी बोललो.

११ ऑक्टोबर

आम्हा गाणाऱ्यांत रीत आहे. वैऱ्याला तोंडावर माती चारायची, पण परक्यासमोर त्याला डोंगराएवढा करायचा. बारक्या माणसाला हरवण्यात काय मोठेपणा? माझ्या गुरूनं मला हे पहिल्या दिवशी शिकवलं. बेल्शिओरही माझ्याबद्दल परक्यांना असंच सांगायचा — लिबेरिओ म्हणजे विंचू, चावला की माणूस तीन दिवस उठत नाही. मी विंचू! मला साधा उंदीर मारवत नाही.

उचलली जीभ, लावली टाळ्याला. जन्मभर ज्या जिभेवर टाळ्या मिळवल्या, तिनंच त्याला गोळी चारली.

३० ऑक्टोबर

नेलियानं बोलावलं. "या आता. शांत आहेत."

शांत आहे. हनुवटी छातीवर, ओठातून लाळ. मी पावाचा तुकडा हातात दिला, तो तसाच हातात राहिला. मी हळूच एक ओळ टाकली, टकलावरची. ऐकू आलं असावं. बोटं मांडीवर जराशी हलली, ठेका धरल्यासारखी. मग तीही थांबली.

लुझ म्हणाली, आता त्रास देत नाहीत. पण तीही त्याच्याकडे बघत नव्हती.

माझ्याच्यानं परत जाववणार नाही.

नाताळ

धुकं. गेलो नाही. गोड पाव नेलियाच्या हाती पाठवला.

२ फेब्रुवारी

नेलिया रस्त्यात भेटली. "का येत नाही?" गुडघा दुखतो म्हटलं. गुडघा ठणठणीत आहे.

९ एप्रिल

मिस ट्रानचा फोन. सहा महिने झाले, तपासणीवर निघालीय. सहज विचारलं, मागच्या वेळी सांगितलं त्यात काही भर?

मी खुर्ची ओढून बसलो आणि सगळं सांगितलं. रीत, गुरू, विंचू, सगळं.

"म्हणजे ती स्तुती होती?"

"आमच्यात याहून मोठी नाही."

"मिस्टर टोस्टे," ती हळू आवाजात म्हणाली, "मी ते शब्दाला शब्द लिहिलं." मग म्हणाली, हे कोर्टात येऊन सांगाल?

२३ एप्रिल

सांगितलं. लग्नातला कोट घालून गेलो.

जज्जबाई कडक. "सप्टेंबरमध्ये तुम्ही म्हणालात, हा माणूस कोणालाही फाडून काढेल. आज म्हणता, नाही. खरं कधी बोलत होतात?"

"तेव्हा गवई बोलत होता, जज्जसाहेब. आज शेजारी बोलतोय."

"मग शेजाऱ्यानं सांगावं, तो कसा आहे."

आणि मी सांगितलं. भित्रा आहे. गाय अडली की डोळे मिटून उभा राहायचा, वासरू मी ओढायचो. बायको गेली तेव्हा आठवडाभर तिच्या कोंबड्यांशी बोलत होता. कर्ज मागायला गेला आणि बँकेत दुसऱ्यालाच जामीन राहून आला. जन्मात कोणावर हात उचलला नाही — ज्यानं त्याचा कुत्रा मारला त्याच्यावरही नाही. लुझला ढकललं हे खरं. तो उत्तराची वाट बघत होता आणि त्याच्या अंगातला शर्ट कुणीतरी काढत होतं. एवढंच.

चाळीस वर्षांत स्टेजवरही मी त्याच्याबद्दल इतकं वाईट बोललो नव्हतो. त्याला ऐकू गेलं असतं तर जन्माचं वैर झालं असतं.

नेलिया उठली. मला वाटलं आता माझी धडगत नाही. पण ती जज्जबाईंना म्हणाली, "मला बाबा शांत हवे होते. असे नको होते." आणि मग, "पण पुन्हा कुणाला लागलं तर मी काय करू?"

हुकूम: डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी हळूहळू कमी करत बंद करा, आधी दुसरे उपाय करून बघा, दोन महिन्यांत अहवाल. मालकीण उन्हाळा संपेपर्यंत त्याला ठेवायला तयार झाली.

मला विचारलं — दुसऱ्या उपायात तुम्ही आहात का? हो म्हटलं. डॉक्टर म्हणाले, गोळी पूर्ण बंद होईपर्यंत भेट नको, मग या. मला हायसं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते.

६ मे

नेलिया: "आज बाबांनी सूप थुंकलं. मीठ नाही म्हणाले."

१९ मे

लुझला शिवी दिली. नेलिया सांगताना हसत होती. लुझही हसली म्हणे — आता शर्ट बदलताना ती स्वतः गुणगुणते, म्हणजे तो हात वर करतो.

मी नव्या ओळी घोटतोय. आरशासमोर. गळा पार गंजलाय.

७ जून

उद्या जायचं. झोप येणार नाही. टकलावरची नवी केलीय, चांगली जमलीय.

८ जून, सोमवार

गेलो. खिडकीतच होता, मान ताठ, डोळे स्वच्छ. खुर्ची पुढे सरकवली. "बसा, साहेब. आमच्या बेटावरचे का?" हो म्हटलं. "मग लिबेरिओ टोस्टेला ओळखत असाल." आणि गायला लागला —

लिबेरिओ गेला देवा, त्याला दे रे ठाव,
भांडायाला मजला आता उरलं नाही गाव.

मी म्हटलं, गेला? कोण म्हणालं गेला?

"कोणी सांगत नाही मला," तो म्हणाला. "पण मेलाच असणार, साहेब. जिवंत असता तर आला नसता का?"