चंपाबाईची तक्रार

कापडे, ता. पोलादपूर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. निशिगंधा हिस तुझ्या वहिनीचे अ. आ. वि. वि.

परवा फोनवर आपण नणंद-भावजय नको ते बोललो, म्हणून आज कागद घेऊन बसले. कागदावर निदान तू मला मध्येच तोडणार नाहीस आणि मी फोन ठेवून देणार नाही.

आईंना झटका येऊन आता चौदा महिने होतील. डावं अंग गेलं ते गेलंच. बोलणं तेवढं शाबूत आहे, बाकी सगळं अंथरुणात. त्यात माझ्या मणक्याची गादी सरकली. डॉक्टरांनी बजावलं की यापुढे माणूस उचललात तर तुम्हालाच उचलायला माणूस लागेल. तुझे राजेशदादा भाताची झोडणी आटपून येतात, आईंच्या पायाशी बसतात आणि गप्प राहतात. म्हणून केअर सेंटरचा विषय मी काढला. तू त्याला आश्रम म्हणालीस.

ते लागलंच, पण त्याहून जास्त दुसरंच काही लागलंय. मी भरवायला बसले की आई तोंड फिरवून भिंतीकडे बघतात. ताट पुढे ठेवलं तर अर्धा भात तसाच सोडतात, जणू माझ्या हातचं नकोच. आणि गणपतीत तू दोन दिवस आलीस, तेव्हा तुझ्याकडे बघून कशा हसत होत्या! मी दाराशी वाटी घेऊन उभी होते. अंगाला पावडर लावते मी आणि हसू मिळतं तुला. खोटं कशाला लिहू, त्या दिवशी तुझा रागच आला होता.

असो. महाडला बाजारपेठेच्या मागचं एक सेंटर बघून आले. नवा रंग, काचेचा दरवाजा, पण खोल्या सगळ्या तळमजल्यावर आणि वेळ आली तर वर न्यायला लिफ्ट नाही. एकवीस सालच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, असं शेजारच्या दुकानदाराला विचारलं, तर त्याने स्वतःच्या डोक्याच्या वर हात धरला. तिथूनच परत फिरले.

राग गेला असेल तर उत्तर लिही, गेला नसेल तरी लिही.

तुझी,
शर्मिलावहिनी


डोंबिवली
२४ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

तुझं पाकीट आलं तेव्हा शेजारणीला वाटलं, मला कोर्टाची नोटीसच आली. वाचल्यावर मलाही साधारण तसंच वाटलं!

हसण्याचं तू लिहिलंस, मग माझंही ऐक. आई माझ्याकडे बघून हसत होती खरी, पण बोलत काय होती? शर्मिलाची पेज कशी मऊ असते, शर्मिला केस विंचरते तेव्हा एक केस ओढला जात नाय. मी तिच्या पोटची मुलगी, रजा टाकून आलेली, आणि दोन दिवस तुझी आरती ऐकत बसले. हे मी तुला सांगितलं नाही. मुद्दामच सांगितलं नाही.

माझ्या ऑफिसातल्या श्रुतिकाने तिच्या आईसाठी पाच सेंटरं पालथी घातली. ती म्हणते, रंग आणि टाइल्स बघूच नका. पेशंटचं पांघरूण उचलून टाचा बघा, पाठीला जखमा झाल्यात का बघा. पाण्याचा ग्लास पडल्यापडल्या हाताला येतो का ते बघा. कळवून जायचं नाही, दुपारी जेवणं झाल्यावर अचानक जायचं. आणि तिथल्या बाया पेशंटला नावाने हाक मारतात की खाटेच्या नंबराने, ते कान देऊन ऐकायचं.

इथे माझ्या घरामागेच एक चांगलं सेंटर आहे, पण तू ऐकणार नाहीस. आई तुझ्या नजरेखालून हलता कामा नये. कंबर मोडली तरी ताबा सोडवत नाही ना तुला? हे फोनवर बोलले असते तर पुन्हा भांडण झालं असतं, म्हणून लिहिते.

कमरेला पट्टा बांध. दादाला माझा नमस्कार. रागावलीस तरी मला टाकू नकोस.

तुझी,
निशी


कापडे
१५ डिसेंबर २०२४

चि. सौ. निशिगंधा हिस अ. आ. वि. वि.

ताब्याचं वाचून दोन दिवस धुसफुसले. तिसऱ्या दिवशी उठले आणि तुझ्या मैत्रिणीच्या सांगण्याप्रमाणे न कळवता निघाले.

पोलादपूरच्या बाजूला एक आहे तिथे दुपारी अडीचला पोचले. बाया टीव्हीपुढे होत्या. आत एक आजोबा पाणी मागत होते, तर एकीने बसल्याजागी सांगितलं की सात नंबर, थांबा जरा. त्यांच्या टाचा मी पाहिल्या, काळ्या पडलेल्या. पाणी मीच पाजलं आणि निघाले.

तिसरं महाडच्या बाहेर, चढावर. जुनी इमारत, भिंतीचे पोपडे निघालेले, तुला बघून आवडलं नसतं. पण कुणाला किती वाजता कुठल्या कुशीवर वळवलं त्याचा कागद प्रत्येक खाटेशी टांगलेला. मी न विचारता एका आजींचं पांघरूण उचललं, तर नर्स रागावली नाही. उलट म्हणाली, बघा हो, बघायलाच हवं. टाचा लहान मुलासारख्या गुलाबी होत्या. तीन तारखेला आईंना तिथे नेलं. तुझे दादा गाडीत पुढे बसले ते महाड येईपर्यंत मागे वळून बघेनात.

आता तिथल्या चंपाबाईचं लिहिते. आईंची आया. मूळची तळीयेची, दरड कोसळली त्या गावची, आता महाडात राहते, माझ्याच वयाची. पहिल्या आठवड्यातच आई तिच्या हातून सगळं जेवायला लागल्या. मी घरून पेज घेऊन जाते, खुर्चीवर बसते, तर आई माझ्याकडे ढुंकून बघत नाहीत. तिच्याकडे बघून चंपा, चंपा करतात. चौदा महिन्यांत मला जे मिळालं नाही ते तिने सात दिवसांत घेतलं. तुला मिळालेलं हसू मी सोसलं, तू लेक आहेस. ही कोण?

मंगळवारी गेले तर ती आपल्या डब्यातल्या भाजलेल्या सुक्या बोंबलाचा तुकडा आईंच्या जिभेला लावत होती. आईंना रक्तदाबामुळे मीठ बंद आहे. मी सरळ विनीत सरांकडे, म्हणजे तिथल्या व्यवस्थापकांकडे गेले आणि लेखी तक्रार दिली. त्यांनी तिला वरच्या मजल्यावर पुरुषांकडे टाकलं. आता आईंकडे बयाबाई म्हणून दुसरी आहे. नियम तो नियम, मी काही चूक केली नाही.

तुझ्या पोरांना पापा. आमच्यावर जीव आहे तसाच असू दे.

तुझी,
वहिनी


डोंबिवली
३० डिसेंबर २०२४

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

काल रविवारी मी महाडला जाऊन आले. तुला कळवलं नाही, तूच शिकलीस ना, न कळवता जायचं.

वहिनी, आई निम्मी झाली आहे. बयाबाई म्हणाली, दहा दिवस झाले, दोन घास खाते आणि तोंड मिटते. मी खुर्ची ओढून बसले, हाक मारली, तर आई भिंतीकडे वळली. माझ्याकडे! तू लिहायचीस तेव्हा मला वाटायचं, वहिनी उगाच वाढवून सांगते. काल ती भिंत मी अर्धा तास बघितली. निघताना आईने भिंतीलाच विचारलं, चंपा मेली काय?

मग मी वर गेले. चंपाबाईने तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही. एवढंच म्हणाली की आजीचं तोंड बेचव झालं होतं, नर्सला विचारून चवीपुरता तुकडा लावला होता. दर रविवारी चुलीत बोंबील भाजून आईच्या तोंडात कोण घालायचं, ते मी तिला सांगितलं नाही. तुला आठवत असेलच.

ही तक्रार तू आईसाठी केलीस की स्वतःसाठी? मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. तुझं पत्र आलं तेव्हा मला आधी बरंच वाटलं होतं. तिसरी गेली, आता आपण दोघीच, असं वाटलं. लाज वाटते लिहायला. पण आपल्या दोघींच्या भांडणात उपाशी आई राहते आहे.

तू मोठी आहेस, तूच हे निस्तर. तुझ्यावर हक्क आहे म्हणून एवढं लिहिलं.

तुझी,
निशी


कापडे
६ जानेवारी २०२५

चि. सौ. निशी हिस अ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोस्टमनने अंगणातच दिलं आणि मी तिथेच उभ्याने वाचलं. तुझ्या दादांना वाचून दाखवलं. चौदा महिने गप्प बसलेला माणूस एवढंच म्हणाला की शर्मिला, मी गाडी काढतो.

शनिवारी गेलो. विनीत सरांना सांगितलं की तक्रार मागे घेते, बोंबील मीही देत होते आणि लिहिलं ते जळफळाटाने लिहिलं. हाच शब्द वापरला. ते चष्मा पुसत बसले, मग कुणाला तरी वर पाठवलं. चंपाबाई जिन्याने खाली आली तेव्हा मला तिच्या डोळ्यांत बघवेना. मी माफी मागितली. ती म्हणाली की ताई, माझी सासू दरडीखाली गेली, तिला दोन घास भरवायचे राहिले, म्हणून मी आजीला जरा जास्तच लळा लावते, तुमचं काय हिसकवायचं नव्हतं. 

मग तिने पहिलं काम काय केलं असेल? आईंची खाट भिंतीपासून ओढून बाहेर घेतली. तुझ्या दादांनी हात लावला. बयाबाईने ती भिंतीला टेकवून ठेवली होती, आपल्या घरी होती तशीच, उजवं अंग भिंतीकडे. चंपाबाई म्हणाली की व्यायाम घेणारे डॉक्टर येतात त्यांनी तिला एकटीला सांगितलं होतं, झटक्यापासून आजीला डाव्या अंगाचं काहीच उमगत नाय. डावीकडे कुणी बसलं, बोललं, तरी त्यांच्या लेखी तिथे कुणी नायच. ताटातला डावीकडचा भातही म्हणून राहतो.

निशी, मी चौदा महिने डावीकडे बसले गो. भिंतीमुळे दुसरीकडे जागाच नव्हती. तू खाटेवर चढून भिंतीकडे आईंना चिकटून बसायचीस, म्हणून तू त्यांना दिसायचीस. महाडला तूही माझ्यासारखीच खुर्चीवर डावीकडे बसली असशील. येशील तेव्हा उजवीकडून जा. आपण टाचा बघितल्या, पुराचं पाणी बघितलं, आईंना कुठून दिसतं ते मात्र कुणालाच विचारलं नाही. दवाखान्यात कुणी सांगितलं असेल तर माझ्या कानावरून गेलं असेल.

चंपाबाई आईंचे केस विंचरायला घेते तेव्हा अजून माझ्या पोटात दुखतं, ते एकदम जाणार नाही. पण त्या दिवशी तिनेच मला हाताला धरून उजव्या बाजूला बसवलं आणि पेजेची वाटी माझ्या हातात दिली.

आईंनी माझ्याकडे पाहिलं.  मग चांगल्या खणखणीत आवाजात ओरडल्या की शर्मिला, एवढे दिवस होतीस कुठं गो? तुझ्या दादांनी तोंडाला रुमाल लावला. मी म्हटलं, शेतावर होते आई, काम लांबलं.

त्या म्हणाल्या की मग उपाशी असशील, आधी तू जेव.

पोरांना घेऊन लवकर ये. तुझी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
शर्मिलावहिनी