चार चौकटी, दोन खुर्च्या

४ मार्च, मंगळवार

लागला एकदाचा! फिटरने टीव्ही दुकानाच्या मागच्या भिंतीवर, समोरच्या आरशात दिसेल असा टांगला आणि एका पडद्याच्या चार चौकटी करून दिल्या. एकीत मॅच, दुसरीत बातम्या, तिसरीत पोरांची कार्टून्स, चौथीत आपल्याच दाराचा कॅमेरा. बाहेर लावलेल्या स्कूटरच्या काळजीने गिऱ्हाइकं सारखी मान वळवतात आणि माझा जीव त्यांच्या कानात अडकतो, त्यावर हा उपाय. आवाज मात्र एका वेळी एकाच चौकटीचा — जिला पिवळी कड, तिचा. रिमोट माझ्या एप्रनच्या खिशात!

दादा त्याच्या खुर्चीतल्या औषधवाल्याला म्हणाला, "त्याला सांगा, हे केस कापायचं दुकान आहे, थेटर नाही." औषधवाल्याने मला सांगितलं. मी म्हटलं, "त्याला सांगा, रिकाम्या दुकानापेक्षा थेटर बरं." तेही पोचलं.

चार वर्षं आमचं असंच चाललंय. दोन सख्खे भाऊ, दोन खुर्च्या, मध्ये हातभर अंतर आणि बोलणं गिऱ्हाइकांमार्फत. कारण काय, तर दादा आजारी असताना त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक, हेडमास्तर, माझ्या खुर्चीत बसले, ते पुन्हा तिकडे गेलेच नाहीत. त्यात माझा काय दोष? मी काय त्यांना खुर्चीला बांधून ठेवलं होतं?

६ मार्च

आरशात मॅच उलटी दिसते! रिटायर्ड पोस्टमन म्हणाले, "आज सगळी टीम डावखुरी कशी?" आणि खरी बघायला गर्रकन वळले. डावा कल्ला गेला. मग उजवाही काढावा लागला. आता तरुण दिसतात — निदान मी त्यांना तसं सांगितलं.

८ मार्च

नवीनच पंचाईत. निरोप पोचवणारेच संपावर! दादा सुताराला म्हणाला, "पावडरचा डबा मागा हो त्याच्याकडून." सुतार म्हणाला, "चौका!" दादाने पुन्हा सांगितलं. सुताराचा एक डोळा मॅचवर, दुसरा कार्टूनवर, कान बातम्यांत. शेवटी दादा स्वतः उठला, माझ्या हाताखालून डबा उचलला आणि गेला. चार वर्षांत इतका जवळ आला नव्हता. मला हसू आवरेना.

११ मार्च

हसणं अंगाशी आलं. बायकोचं आणि वहिनीचं आधीपासून गूळपीठ, आमच्या अबोल्याने त्यांचं काही अडलं नाही. वहिनीकडून कळलं, पुतणीने दादाला कायमचं तिच्या गावी बोलावलंय. महिनाअखेर काय ते कळवायचं. वहिनी म्हणाली म्हणे, "भाऊजींनी एकदा तोंडाने 'थांब' म्हटलं, तर हे हलायचे नाहीत."

मी म्हटलं, मोठा तो, आधी त्याने बोलावं. बायको म्हणाली, "मग बसा दोन्ही खुर्च्या एकटेच पुसत."

दादाशिवाय दुकान मला नकोय. वस्तरा धरायला मला त्यानेच शिकवलं, तेही स्वतःचा गाल पुढे करून. हे इथे लिहिता येतं. तिथे जीभ टाळ्याला चिकटते.

१३ मार्च

हिंमत केली. हेडमास्तरांना म्हटलं, "त्याला सांगा, थांब म्हणावं." ज्यांच्यावरून भांडण, त्यांनाच मध्यस्थ केलं — अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय! मास्तरांचे डोळे बातम्यांवर. तसेच म्हणाले, "थांब म्हणतोय." दादाचा वस्तरा हवेत थांबला. खालचं गिऱ्हाईक अर्ध्या फेसात.

"कशासाठी?" दादाने विचारलं.

"ते काही बोलला नाही," असं म्हणून मास्तर परत बातम्यांत! मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादा "काहीतरी खूळ" पुटपुटत दाढीला लागला. माझं तोंड तसंच उघडं राहिलं.

१७ मार्च

दादाला झालंय काय? दोन दिवस बघतोय. सकाळी चौथ्या चौकटीत दिसतो — दाराबाहेर उभा, ओठ हलताहेत, हातवारे चाललेत. समोर कोणी नाही! वहिनीला सांगावं का?

१९ मार्च

आज मॅच शेवटच्या षटकात, दुकान भरलेलं, तरी निम्मे लोक चौथी चौकट बघत होते. दादाचे हातवारे जोरात. सुतार म्हणाला, "अहो, यांचा आवाज लावा ना!" मी म्हटलं, त्या कॅमेऱ्याला आवाज नाही. खात्री पटावी म्हणून बटण दाबून दाखवलं. पिवळी कड चौथीवर गेली — आणि दुकानभर दादा घुमला!

"...हे बघ धाकट्या, मला नाही जायचं. लेकीकडे करू काय, नुसता सोफ्यावर बसू? मास्तर ठेव तुला. हवे तर पोस्टमनही घे. पण एकदा तोंडाने बोल. माझ्याच्याने आधी बोलवत नाही रे."

कुणीही मॅच मागितली नाही. मला रडूच फुटलं. दुकानात एवढे टॉवेल, पण एक हाताला लागेना. तसाच कंगवा घेऊन बाहेर धावलो. "दादा, थांब! आत ये!"

"थांबू का आत येऊ? एक काय ते ठरव," दादा म्हणाला.

चार वर्षांनी थेट बोलला आणि पहिल्याच वाक्यात माझी चूक काढली! आतून टाळ्या पडल्या — आमचं सगळंच आत ऐकू जात होतं. आत येऊन त्याने पुतणीला फोन लावला, "येत नाही गं, इथे काम आहे." मग दिवसभर ज्याला त्याला ऐकवत होता, "मी आधी बोललो नाही हां! मी आपला मनाशी बोलत होतो."

मॅच कोण जिंकलं, अजून माहीत नाही.

२१ मार्च

फिटर केस कापायला आला. म्हणाला, "माईक नीट चालतोय ना?" मी म्हटलं, कसला माईक?

"दाराच्या कॅमेऱ्याचा. तुम्ही जेवायला गेला होतात, तेव्हा मोठ्या भावांनी बसवून घेतला. कुठे उभं राहिलं की आत स्वच्छ ऐकू जाईल, तेही विचारून ठेवलं."