मिश्र थानाची दोन सुतं

५ एप्रिल

ती. स्व. अक्कास,
निळ्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या खिडकीतून म्हणे पहाटे धुक्यात जहाजं दिसत नाहीत, नुसती भोंगे वाजवून एकमेकांशी बोलताना ऐकू येतात. इथंही तसंच. रंगाच्या हौदांवर वाफ धरते, आणि टेकाडावर वाळत घातलेली निळी कापडं अशी फुगतात की कुणी आभाळच धुऊन दोरीवर टाकलंय. मी खालून बघत राहतो. बायको म्हणते, हा रंगारी कमी आणि गिऱ्हाईक जास्त.

बातमी चांगली आहे. साखर ताळ्यावर आली. तीन महिन्यांची सरासरी काढतात, तीही डॉक्टरीणबाईंना पसंत पडली. आपल्या धंद्याची रीत तुला ठाऊकच आहे. हौदातून एक सूत ओढायचं, मनगटावर वाळवायचं, रंग बसला असेल तर सगळा माल बाहेर काढायचा. माझं सूत नीट आलं. म्हणून रक्तदाबाची आणि रक्तातल्या चरबीची, अशा दोन्ही गोळ्या मी माझ्या मनानेच थांबवल्या. काही दुखत नाही तर औषध कशाला गिळायचं? टेकाड चढताना हल्ली दम लागतो खरा, पण अर्ध्यावर थांबून एक सिगारेट ओढली की भागतं. जन्म वाफेत गेला, तिचाच हा प्रताप.

तुझ्या रागातसुद्धा माया असते, तेव्हा रागव पण लिहीत राहा.

तुझा धाकटा,
निळ्या

१२ एप्रिल

चि. निळ्यास,
अक्काचे पोटभर आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा हातातली सुई खाली ठेवली. अर्धवट शिवलेलं शीड मांडीवर तसंच पडून राहिलं.

त्या रात्री बाबा स्वप्नात आले. हौदाच्या काठावर बसलेले, पाय आत सोडलेले, घोट्यापर्यंत निळे. दुखतंय का म्हणून विचारलं, तर म्हणाले, नाही गं, जरा दमलोय. शेवटच्या दिवशी अगदी हेच म्हणाले होते. त्यांनाही साखर होती. छातीत कळ नाही की काही नाही, टेकले ते टेकलेच. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण दवाखान्यातली पत्रकं भिंग लावून वाचते. त्यात लिहिलंय, साखर जुनी झाली की नसा बोथट होतात. मग हृदयाने कितीही हाका मारल्या तरी घरात ऐकू जात नाहीत. माणसाला नुसता दम लागतो.

आता तुझ्या सुताचं. अरे शहाण्या, साधं सुती कापड असेल तर एक सूत पुरे. पण लोकर आणि कापूस मिसळलेलं कापडाचं थान आलं की बाबा काय करायचे? कापसाचं सूत वेगळं ओढायचे, लोकरीचं वेगळं. एकाने रंग धरला म्हणून दुसरं धरतंच असं नाही. साखरेचा माणूस म्हणजे मिश्र थान. साखर नीट आली हे उत्तम, पण दाब आणि चरबी आपापल्या वाटेने चालतात आणि हृदयाशी जाऊन भेटतात. सिगारेट त्यांना वाट दाखवते. म्हशीसारखा धूर काढत टेकाड चढतोस आणि वर वाफेला दोष देतोस. तुला म्हशी धूर काढताना दिसल्या नसतील, तर आरशात बघ.

गोळ्या परत सुरू कर, असं मी सांगणार नाही. मी कोण? डॉक्टरीणबाईंकडे जा, बंद केल्यात हे खरं सांग, आणि दम लागतो हे सगळ्यात आधी सांग. उंटावरून शेळ्या हाकते म्हणशील. म्हण, पण जा.

भावजयीला गोड विचारणं.

तुझी,
अक्का

२३ एप्रिल

ती. स्व. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून त्यांनी खिशात घातलं. अक्का स्वप्नं फार बघते म्हणाले, आणि हातातला माल एकदा रवाना झाला की जाईन म्हणाले. सदरा धुवायला घेतला तेव्हा पत्र माझ्या हाती आलं. तुमचा राग पत्करून मी ते वाचलं.

मंगळवारी सकाळी कापडं काढायला टेकाडावर गेले ते खाली येईनात. मी वर गेले. वारा अजिबात नव्हता. निळ्या रांगा नुसत्या टांगलेल्या, आणि त्यातल्या एका कापडामागे त्यांची सावली बसलेली. क्षणभर वाटलं, माणूस गेला आणि सावलीच मागे राहिली. कापड बाजूला केलं तर घामाने निथळत होते. दुखतंय का विचारलं. नाही म्हणाले, जरा दमलोय.

वन्सं, एरवी मी पाणी दिलं असतं आणि पडा म्हटलं असतं. पण तेच शब्द मी तुमच्या अक्षरात वाचले होते. मालाच्या गाडीत गठ्ठ्यांवर त्यांना निजवलं आणि गाडीवानाला मोठा दवाखाना सांगितला. हृदयाची एक नळी बुजत आली होती. ती मोकळी करून आत बारीकशी जाळी बसवली आहे. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. काल ते उठून बसले, आणि दवाखान्याच्या चादरीचा पांढरा रंग मळकट आहे अशी तक्रार केली. तेव्हा मी पहिल्यांदा रडले.

मुलांना तुमचा आशीर्वाद असू द्या.

आपली,
भावजय

९ मे

ती. स्व. अक्कास,
सा. न. वि. वि.

घरी आलो. जगणं मऊ झालंय, नुकतं भिजवलेल्या कापडासारखं. सकाळी कालव्याच्या काठाने बायकोबरोबर चालायला जातो. इतक्या वर्षांत तिच्या शेजारून चाललो नव्हतो. ती सारखी बोलत असते, मला माहीतच नव्हतं. पाण्यात आमची दोघांची डोकी उलटी तरंगत येतात, आणि ती डोकीही भांडत असावीत.

सिगारेट सुटली. मीठ आवरलं. गोळ्या बायको हातावर ठेवते आणि घोट उतरेपर्यंत समोरून हलत नाही. साखरेचं एक औषध बदललंय, ते म्हणे हृदयालाही सांभाळून घेतं.

अक्का, दवाखान्यात पडल्या पडल्या तुझी सगळी पत्रं आठवत होतो. तुला साखर माझ्याही आधीपासून आहे. दर पत्रात तू एकच आकडा कळवतेस, साखरेचा. दाब कधी मोजलास? चरबी कधी पाहिलीस? बाबा तुझेही होते.

उत्तर दे. पत्रकातलं नको, तुझं.

तुझा,
निळ्या

१८ मे

चि. निळ्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर मी बराच वेळ खिडकीपाशी बसले. बंदरात एक होडी नांगरल्या जागी हळूहळू गोल फिरत होती. तिच्यात कुणी नव्हतं, आणि ती आपली साऱ्या बंदराला तोंड दाखवत होती. लोकांना शहाणपण शिकवणारी बाई दवाखान्यातून पत्रकं उचलायची आणि साखर तेवढी तपासून दारातूनच परतायची, हे तू ओळखलंस. आत जायला मी भीत होते. बाबांनंतर नेहमीच.

आज आत आले. रक्त काढून झालं. आता डाव्या दंडाला पट्टा आवळलाय, उजवा हात मोकळा आहे, म्हणून या चार ओळी. नर्स लेकीच्या वयाची आहे. ती म्हणते, मावशी, लिहिताना आकडा चढतो, कागद बाजूला ठेवा आणि शांत बसा. तेव्हा लोभ असावा वगैरे उरलेलं तुझं तू समजून घे, मी पेन खाली ठेवते