हेलिकॉप्टरमध्ये मला जागा नव्हती

कार्डिफ, बुधवार

प्रिय इदवल,

मी ठीक आहे, वेळेवर जेवते. फोनवर आवाज फुटत नाही, म्हणून लिहितेय.

रविवारी माझा तेगिद कुरणाच्या उतारावर बाईकखाली सापडला तेव्हा तू बाजारात होतास. रस्त्याने अँब्युलन्स यायला दोन तास लागले असते. देणग्यांवर चालणारं हेलिकॉप्टर मात्र वीस मिनिटांत आपल्या कुरणात उतरलं. डॉक्टरीणबाईंनी चिखलात गुडघे टेकून तिथेच त्याला रक्त चढवलं. "नवऱ्याशी बोलत राहा," म्हणाल्या. मला मेलीला काय सुचावं? "ऊठ रे आळशा, कोकरं भुकेली आहेत!" एवढंच ओरडले.

हेलिकॉप्टर त्याला घेऊन उडालं. मी मागून तीन तास गाडी चालवत इथे हॉस्पिटलात आले.

त्याने अजून डोळे उघडलेले नाहीत. काल त्या डॉक्टरीणबाई सुट्टी असूनही भेटायला आल्या. मी विचारलं, "वाचेल ना माझा नवरा?"

"इथवर जिवंत आणला. पुढचं मला खरंच माहीत नाही हो."

कोकरं किती झाली? कुत्रा जेवतो का?

सोमवारी श्वासाचं यंत्र काढून बघणार आहेत. इदवल, मी ठीक नाही रे. मेंढ्या शेजाऱ्यांवर सोड आणि ये. त्याच्या खोलीच्या दाराबाहेर मला एकटीला उभं राहवणार नाही.

तुझी बहीण,
नेस्ता